घडी मोडू न देणारे रसायन



रोग म्हटला की तो बाहेरून येतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. हिवताप डासांच्या दंशाने येतो, पटकी दूषित पाण्यातून येते, क्षयाचे जंतू एकाच्या खोकल्यातून दुसऱ्याच्या छातीत शिरतात. ही समजूत खोटी नव्हे. गेल्या दीडशे वर्षांत वैद्यकशास्त्राने जे मोठे विजय मिळविले, ते बव्हंशी अशा बाहेरच्या शत्रूंवरच होत. परंतु काही रोग असे आहेत की ज्यांत बाहेरचा शत्रू कोणीच नसतो. आपल्याच शरीराने, आपल्याच उपयोगासाठी घडविलेला एखादा पदार्थ आपला आकार हरवून बसतो, आणि ज्याने आजवर आपली सेवा केली तोच आपल्या नाशाला कारण होतो.

घरातील आजोबांचा विसराळूपणा हळूहळू वाढत जातो आणि अखेर ते नातवालाही ओळखेनासे होतात, तो अल्झायमरचा रोग. हात कापू लागतात, पावले अडखळतात, चेहऱ्यावरचे भाव थिजल्यासारखे होतात, तो पार्किन्सनचा रोग. ह्या रोगांची लक्षणे वेगवेगळी. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता त्यांत एक साम्य आढळून येते. मेंदूतील पेशींच्या आत किंवा भोवती घडी बिघडलेल्या प्रथिनांचे साठे जमलेले असतात.

अशी घडी बिघडूच न देणारे एखादे रसायन शोधून काढता येईल काय? ह्या प्रश्नावर जगातील अनेक प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे काम चालू आहे. बहुतेक ठिकाणी उत्तर अजून हाती आलेले नाही. मात्र मज्जातंतूंच्या एका रोगापुरते ते निश्चितपणे मिळाले आहे. त्याच एका उत्तराची कथा ह्या लेखात सांगावयाची आहे. रसायनशास्त्र हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. तो भाषा शिकवितो. म्हणून अवघड सूत्रे बाजूला ठेवून, आपल्या ओळखीच्या वस्तूंच्या आधारानेच तो ही कथा सांगणार आहे.

प्रथिन म्हणजे काय?

डाळ, मासळी, दूध, अंडी ह्यांतून आपल्याला प्रथिने मिळतात, हे तुम्ही आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात वाचलेच आहे. पण प्रथिन हे केवळ अन्न नव्हे. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे, अन्न पचविणारे, स्नायू आकुंचित करणारे असे हजारो कामगार आपल्या शरीरात अहोरात्र राबत असतात. ते सारे प्रथिनेच होत.

प्रत्येक प्रथिन ही एक साखळी असते. अमिनो आम्ल नावाच्या वीस प्रकारच्या मण्यांची ती ओवलेली असते. कोणत्या मण्यानंतर कोणता मणी यावयाचा, हा क्रम आईवडिलांकडून मिळालेल्या जनुकांत लिहिलेला असतो. परंतु नुसत्या सरळ साखळीने कोणतेच काम होत नाही. ती आपल्याभोवती वळते, दुमडते आणि एक ठराविक आकार धारण करते. तेव्हाच ती कामाला योग्य होते. वडाचे किंवा फणसाचे सपाट पान घ्या. त्यात खीर वाढली तर ती चहूकडे वाहून जाईल. त्याच पानाला दुमडून द्रोण केला की त्यात खीर राहते. पान तेच, घडीने त्याला गुण आला. प्रथिनाचेही तसेच आहे. भेद इतकाच की, द्रोण करावयास माणसाचे हात लागतात, प्रथिनाची साखळी मात्र आपली घडी बहुधा आपणच घालते.

हे कशावरून? अमेरिकन शास्त्रज्ञ ख्रिश्चन अँफिन्सेन ह्यांनी रायबोन्यूक्लिएज नावाचे १२४ मण्यांचे एक प्रथिन घेतले. रसायनांच्या साहाय्याने त्याची घडी पूर्णपणे उलगडून टाकली. त्याबरोबर ते निकामी झाले. मग ती रसायने काढून टाकताच साखळी पुन्हा पूर्ववत दुमडली आणि काम करू लागली. घडीचे सारे ज्ञान मण्यांच्या क्रमातच दडलेले आहे, असे ह्यावरून सिद्ध झाले. ह्या कार्यासाठी अँफिन्सेन ह्यांना १९७२ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या देशाचाही ह्या क्षेत्रात मोठा मान आहे. मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६३ साली, प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांतून वळू शकते व कोणत्या कोनांतून वळूच शकत नाही, ह्याचा एक आलेख प्रसिद्ध केला. तो आजही जगभर 'रामचंद्रन आलेख' म्हणूनच ओळखला जातो.

घडी बिघडते तेव्हा

क्वचित ही घडी बिघडते. कधी जनुकात दोष असतो व साखळीत एक मणी भलताच पडतो. कधी वय वाढल्यामुळे शरीराची देखरेख ढिली पडते. निरोगी शरीरात अशी बिघडलेली प्रथिने ओळखून ती मोडून टाकण्याची व्यवस्था असते. परंतु ती अपुरी पडली म्हणजे बिघडलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटू लागतात. पावसाळ्यात कौलारू घराच्या पन्हळीत पाने पडतात. एखाददुसरे पान पाण्याबरोबर वाहून जाते; पण ओली पाने एकमेकांवर चपखल बसली की त्यांचा असा थर होतो की, पाणीच तुंबते. बिघडलेल्या साखळ्याही अशाच एकीवर एक रचल्या जाऊन त्यांचे चिवट धागे बनतात आणि ते पेशींमध्ये साचत राहतात.

ह्या साठ्याला अमिलॉइड असे नाव आहे. त्या नावाची हकीकत मोठी गमतीची आहे. बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकले म्हणजे ती निळीकाळी होते, हा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल. १८५४ साली जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो ह्यांनी रुग्णांच्या शरीरातील अशा साठ्यांवर आयोडीनची परीक्षा केली. त्यांचाही रंग बदलला. तेव्हा हा पदार्थ पिष्टासारखा असला पाहिजे, असे मानून त्यांनी त्याला 'पिष्टसदृश' ह्या अर्थाचे हे नाव दिले. अवघ्या पाच वर्षांत, १८५९ साली, फ्रीडराइख व केकुले ह्यांनी तो पदार्थ पिष्ट नसून प्रथिनमय असल्याचे दाखविले. बेंझिनच्या रचनेसंबंधात तुम्हाला ज्यांचे नाव ठाऊक आहे तेच हे केकुले. तर्क खोटा ठरला, पण नाव मात्र टिकून राहिले.

इवल्या पावलांचा रोग

आता आपल्याला युरोपच्या पश्चिम टोकाला, पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावर जावयाचे आहे. पोर्तु शहराजवळ पोव्हुआ द व्हार्झिं नावाचे मच्छीमारांचे एक जुने गाव आहे. तेथील काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या एक विचित्र रोग चालत आलेला होता. लोक त्याला 'माल दुश पेझिन्युश' म्हणत. गोव्यातील ज्या वडीलधाऱ्यांनी पोर्तुगीज शाळा पाहिली आहे, त्यांना हे शब्द सहज उमगतील. 'इवल्या पावलांचे दुखणे' असा त्यांचा अर्थ. कोकणीत म्हणावयाचे तर 'पांयांचें दुयेंस'.

रोगाचा आरंभ पावलांपासून होई. प्रथम थंड-गरम कळेनासे होई, मग वेदनाही कळेनाशी होई. पाय भाजला तरी रुग्णाला पत्ता लागत नसे. बधिरता हळूहळू वर चढे. पचन बिघडे, वजन घटे, चालणे अशक्य होई, पुढे हृदयही दुबळे होई. हे सारे म्हातारपणी नव्हे, तर बहुधा पंचवीस ते पस्तीस ह्या वयात, म्हणजे पदरी लहान मुले असताना सुरू होई आणि सुमारे दहा वर्षांत मृत्यू येई. त्याहून भयंकर गोष्ट अशी की, ह्या रोगाच्या माणसाच्या प्रत्येक अपत्याला सदोष जनुक मिळण्याचा संभव निम्मा असतो. नाणे उडवावे, तसे ते आहे. आईची बधिर पावले पाहत वाढणाऱ्या मुलाला आपल्या पुढ्यात काय वाढून ठेवले आहे ह्याची शंका येत असेलच. मात्र त्याचे कारण कोणीही सांगू शकत नसे.

१९३९ साली पोर्तु येथील सांतु आंतोनियु रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञ कोरिनो द आंद्राद ह्यांच्याकडे त्या गावची एक सदतीस वर्षांची स्त्री आली. तिची लक्षणे कोणत्याही ज्ञात रोगात बसेनात. चौकशी करता त्याच किनाऱ्यावरील कुटुंबांत तशाच रुग्णांची मालिका आढळली. आंद्राद ह्यांनी घाई केली नाही. एकेक रुग्ण तपासला, कुटुंबांच्या वंशावळी जुळविल्या, मृतांचे मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत त्यांना अमिलॉइडचे साठे दिसले. तेरा वर्षांच्या ह्या परिश्रमानंतर १९५२ साली 'ब्रेन' ह्या इंग्रजी नियतकालिकात त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. ज्याला गावकऱ्यांनी केवळ नाव दिले होते, त्याला शास्त्रात स्थान मिळाले. पुढे जपान व स्वीडन ह्या देशांतही ह्या रोगाची कुटुंबे आढळून आली.

दोषी कोण?

साठा सापडला, पण तो कोणत्या प्रथिनाचा? ह्याचे उत्तर मिळावयास आणखी सव्वीस वर्षे लागली. १९७८ साली पेद्रो कोश्ता व त्यांचे सहकारी ह्यांनी दाखवून दिले की, हा साठा रक्तात नित्य वावरणाऱ्या एका प्रथिनापासून बनतो. त्याचे आजचे नाव ट्रान्सथायरेटिन. हे मुख्यतः यकृतात तयार होते. थायरॉइड ग्रंथीतील थायरॉक्सिन हा स्राव व अ जीवनसत्त्व ह्यांची ने-आण करण्यास ते मदत करते. १९८४ साली मारिया सराइव्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या रोगातील नेमका दोषही दाखविला. १२७ मण्यांच्या साखळीत तिसाव्या जागी व्हॅलिन नावाचा मणी असावयाचा, तेथे मेथिओनिन हा मणी पडलेला असतो. एकशे सत्तावीसांत एक मणी चुकला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार उद्‌ध्वस्त झाला!

एका मण्याने एवढा अनर्थ कसा होतो? ट्रान्सथायरेटिनच्या चार साखळ्या एकत्र येऊन एक जुडगा बनतो व तोच रक्तात फिरतो. चार पाने जोडून केलेली पत्रावळ डोळ्यांपुढे आणा. दोन-दोन पाने घट्ट जोडलेली आहेत, पण ह्या दोन जोड्यांमधला सांधा काहीसा नाजूक आहे. चुकीच्या मण्यामुळे तो सांधा अधिकच कच्चा होतो. पत्रावळ मधोमध उसवते, पाने सुटी होतात, सुटे पान वेडेवाकडे दुमडते आणि मग ती पाने एकमेकांना चिकटू लागतात. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ जेफ्री केली ह्यांनी १९९० नंतरच्या वर्षांत प्रयोगांनी हा क्रम सिद्ध केला. चारही साखळ्या एकत्र आहेत तोवर भय नाही. जुडगा सुटला की अनर्थाला प्रारंभ होतो.

दरम्यान १९९० साली स्वीडनमध्ये एक धाडसी उपाय करण्यात आला. सदोष प्रथिन यकृतात तयार होते. तेव्हा रुग्णाचे यकृतच बदलून दुसऱ्याचे बसवावे. अनेकांना ह्याचा लाभ झाला. परंतु हा उपाय म्हणजे मोठी शस्त्रक्रिया, दात्याची प्रतीक्षा आणि जन्मभर औषधे. प्रत्येकाला तो कसा मिळावा?

निसर्गाने दाखविलेली वाट

ह्याच सुमारास पोर्तुगालमधील वैद्यांच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट आली. काही कुटुंबांत सदोष जनुक असूनही काही माणसे जवळजवळ निरोगी राहिली होती, किंवा त्यांना झालेला रोग अगदी सौम्य होता. तपासणीत असे आढळले की, त्यांना एका पालकाकडून रोगाचे जनुक आले होते, पण दुसऱ्या पालकाकडून आणखी एक वेगळा बदल आला होता. त्या दुसऱ्या साखळीत एकशे एकोणिसाव्या जागी थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन होते. म्हणजे एका बदलाने मारले आणि दुसऱ्या बदलाने तारले!

हा दुसरा बदल काय करीत होता? केली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ह्याचे उत्तर दिले. ही दुसरी साखळी जुडग्यात मिसळली की जुडगा सुटणे फार मंद होते. पत्रावळीचा कच्चा सांधा ती घट्ट धरून ठेवते. वाट आता स्पष्ट झाली. बिघडलेल्या पानांचा ढीग उपसत बसण्यापेक्षा पत्रावळ उसवूच द्यावयाची नाही. जे काम ह्या भाग्यवान माणसांत निसर्गाने केले, ते इतरांत एखाद्या रसायनाकडून करवून घ्यावयाचे.

आपल्याकडे पत्रावळीची पाने कशाने टाचतात? नारळाच्या झावळीतील बारीक हिराने. असाच एखादा हीर ह्या सांध्यात टोचता आला तर? सुदैवाने त्यासाठी जागा तयारच होती. थायरॉक्सिन वाहून नेण्यासाठी ट्रान्सथायरेटिनच्या जुडग्यात दोन खोबणी असतात आणि त्या नेमक्या दोन जोड्यांमधल्या सांध्यावरच असतात. शिवाय रक्तातील थायरॉक्सिन मुख्यतः दुसरेच एक प्रथिन वाहून नेत असल्यामुळे ह्या खोबणी बहुतांशी रिकाम्याच असतात. त्यांत दुसरे काही बसविले तरी शरीराचे काम अडत नाही.

सत्तावीस अणूंचा हीर

त्या खोबणीत चपखल बसेल असे संयुग शोधण्याचे काम सुरू झाले. कुलुपासाठी किल्ली घासावी, तसे अनेक रेणू घडविले गेले व पारखले गेले. त्यांतून जे निवडले गेले, त्याचे नाव टॅफामिडिस. कार्बनचे चौदा, हायड्रोजनचे सात, क्लोरीनचे दोन, ऑक्सिजनचे तीन आणि नायट्रोजनचा एक, असे अवघे सत्तावीस अणू त्यात आहेत. चार साखळ्यांचे मिळून पाचशे आठ मणी आणि त्यांना सावरणारा हा सत्तावीस अणूंचा हीर! बेंझिनचे एक कडे क्लोरीनच्या दोन अणूंसह खोबणीच्या आतल्या बाजूस रुतते, तर दुसरे टोक तोंडाशी धरून राहते. त्यामुळे दोन्ही जोड्या एकमेकींना बिलगून राहतात.

प्रयोगशाळेतील यश निराळे आणि रुग्णाच्या देहातील यश निराळे. १२८ रुग्णांवर अठरा महिने चाचणी झाली. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना औषधासारखीच दिसणारी पण निर्गुण गोळी दिली गेली. औषध घेणाऱ्यांत रोग मंदावल्याचे दिसले. पण सर्व रुग्णांचा हिशेब एकत्र केला असता दोन्ही गटांतील फरक निर्विवाद म्हणण्याइतका नव्हता. चाचणी शेवटपर्यंत पार पाडलेल्यांत तो अधिक स्पष्ट होता. युरोपातील नियंत्रकांनी नोव्हेंबर २०११ मध्ये आरंभीच्या अवस्थेतील रुग्णांसाठी औषधाला मान्यता दिली. अमेरिकेच्या नियंत्रकांनी २०१२ साली आणखी पुरावा मागितला. शास्त्रात असा मतभेद हे दूषण नव्हे; पुराव्याला किती वजन द्यावे, ह्याचाच तो विचार असतो.

पुढचा पुरावा मिळाला तो हृदयाच्या बाबतीत. हेच प्रथिन हृदयातही साचते; वृद्धांमध्ये तर जनुकात काहीही दोष नसताना ते साचू शकते. अशा ४४१ रुग्णांवर तीस महिने चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. निर्गुण गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा ४३ रुग्ण त्या काळात मरण पावले. औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा ३०. ह्या वेळी शंकेला जागा उरली नाही. २०१९ साली अमेरिकेनेही हृदयाच्या ह्या विकारासाठी औषध मान्य केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथे ॲकोरॅमिडिस नावाचे दुसरे संयुग मान्य झाले. त्याची धाटणी तर भाग्यवान कुटुंबांतील त्या एकशे एकोणिसाव्या मण्याच्या कार्याचे अनुकरण करणारी आहे.

येथे एक जुने औषधही आठवावयास हवे. डायफ्लुनिसल हे सांधेदुखीवरचे स्वस्त औषध त्याच खोबणीत बसते, असे आढळून आले. १३० रुग्णांवर दोन वर्षे झालेल्या चाचणीत, २०१३ सालच्या निष्कर्षांनुसार, त्यानेही मज्जातंतूंचा ऱ्हास मंदावला. पोट व मूत्रपिंड ह्यांना ते अपायकारक ठरू शकते, म्हणून वैद्यांच्या देखरेखीवाचून ते घेता येत नाही. परंतु टॅफामिडिसची अमेरिकेतील किंमत २०१९ साली वर्षाला सुमारे सव्वादोन लाख डॉलर ठेवली गेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे स्वस्त औषधाचे मोल कळते. ज्याला औषध परवडत नाही, त्याच्या दृष्टीने ते अजून शोधलेच गेलेले नाही!

मग अल्झायमरवर औषध का नाही?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. ट्रान्सथायरेटिनला निश्चित आकार आहे, त्यात तयार खोबण आहे आणि ते रक्तात सहज गाठता येते. अल्झायमर व पार्किन्सन ह्या रोगांत साचणाऱ्या प्रथिनांना मुळात असा पक्का आकारच नसतो. वाऱ्यावर हेलकावणाऱ्या दोरीला हीर कोठे टोचावा? शिवाय मेंदूच्या रक्तवाहिन्यांभोवती असा कडक पहारा असतो की, पुष्कळशी रसायने आत पोचतच नाहीत. आणि लक्षणे दिसण्याच्या कितीतरी वर्षे आधी साठा जमू लागलेला असतो.

प्रयत्न थोडे झालेले नाहीत. प्रयोगशाळेत पेशी रंगविण्यासाठी वापरतात त्या मेथिलिन ब्ल्यू ह्या निळ्या रंगापासून केलेले एक औषध ८९१ अल्झायमर-रुग्णांवर पंधरा महिने तपासले गेले. २०१६ साली निष्कर्ष आले. अपेक्षित लाभ झालेला नव्हता. आपल्या स्वयंपाकघरातील हळदीचेही असेच. तिच्यातील कर्क्युमिन हे द्रव्य परीक्षानळीत अमिलॉइडला चिकटते, हे खरे आहे. पण पोटात गेल्यावर ते रक्तात फारच थोडे उतरते, आणि अल्झायमरच्या रुग्णांवर झालेल्या छोट्या चाचण्यांत त्याचा गुण दिसला नाही. हळद भाजीत अवश्य घालावी. तिच्या भरवशावर वैद्याकडे जाणे मात्र टाळू नये. २०२३ साली अमेरिकेत मान्य झालेले लेकॅनेमॅब हे अल्झायमरवरील औषध छोटे रसायन नसून स्वतःच एक प्रथिन आहे. ते साठा कमी करते आणि रोगाची गती काहीशी मंदावते. गेलेली स्मृती परत आणीत नाही.

ही शेवटची गोष्ट टॅफामिडिसलाही लागू आहे. हीर टोचल्याने पत्रावळ उसवत नाही. पण जी आधीच उसवली, ती पूर्ववत होत नाही. मेलेला मज्जातंतू गोळीने जिवंत होत नाही. म्हणून ह्या सर्व रोगांत वेळेला फार किंमत आहे.

ह्यातून आपण घरी न्यावे असे काही आहे काय? आहे. पाय बधिर झाले म्हणजे हाच दुर्मीळ रोग झाला, असे मुळीच नव्हे; आपल्याकडे त्याचे कारण पुष्कळदा मधुमेह असते, कधी कुष्ठरोगही असतो, आणि त्या दोहोंवरही उपचार आहेत. परंतु 'वयोमानाने होतेच' असे म्हणून आजीच्या बधिर पावलांकडे किंवा आजोबांच्या विसरण्याकडे दुर्लक्ष करू नये, आणि त्याची थट्टा तर कधीच करू नये. कुटुंबात एखादा रोग वारंवार येत असेल, तर तो शाप समजून लपविण्यापेक्षा वैद्याला मोकळेपणाने सांगावा. पोव्हुआच्या मच्छीमारांनी आपल्या घरातील दुखणी आंद्राद ह्यांच्यापासून लपविली असती, तर ही कथा सुरूच झाली नसती.

१९३९ साली रुग्णालयात आलेल्या त्या स्त्रीला तिच्या रोगाचे शास्त्रीय नाव सांगणेदेखील कोणाला शक्य नव्हते. आज तिच्या गावातील एखाद्या तरुणाला रक्ताच्या एका तपासणीने आपल्यात ते जनुक आहे की नाही, हे कळू शकते. आणि असलेच, तर पहिली लक्षणे दिसताच त्याला औषध सुरू करता येते. १९३९ ते २०११ ही बहात्तर वर्षे झाली. वैद्य, रसायनशास्त्रज्ञ, चाचणीत भाग घेणारे रुग्ण आणि आपली वंशावळ सांगणारी माणसे, अशा अनेकांनी मिळून ती वाट तुडविली. अल्झायमरची वाट कदाचित ह्याहूनही लांबची असेल. तिच्यावर चालणाऱ्यांत उद्या तुमच्यापैकीही कोणी असावे.